वाचलेल्या माणसाला भेटताना

एखाद्याचा ब्लॉग चार-पाच वर्षं नेमाने वाचला की त्या माणसाबद्दल आपल्याला बरंच काही कळून चुकतं. आजीच्या हातची कुठली भाजी त्याला आवडायची, वडिलांशी का बिनसलं, नोकरी कशी सुटली, रात्री झोप का लागत नाही. ठाऊक नसतं ते इतकंच, की त्याचा आवाज कसा आहे आणि तो मोठ्याने हसतो की गालातल्या गालात. आणि त्याला आपल्याबद्दल काय माहीत असतं? फार तर एक टोपणनाव आणि ‘छान लिहिलंय, आवडलं’ अशा दोन-चार टिप्पण्या. प्रत्यक्ष भेटीत जे अवघडलेपण येतं ते यातून येतं. दोघं अनोळखी असते तर सोपं होतं, जुने मित्र असते तर प्रश्नच नव्हता. इथे एकाला दुसऱ्याची अर्धी जन्मकथा पाठ, आणि दुसऱ्याला पहिल्याचं नावही नीट आठवत नाही. टेबलाभोवती आठ जण बसले की प्रत्येक जोडीचा हा हिशेब वेगळा.

म्हणून ब्लॉगवाल्यांची भेट ठरवताना मी एकच गोष्ट आधी बघतो. लिहिणाऱ्याने स्वतःहून जेवढं उघड केलं आहे त्याहून जास्त उघड व्हायची वेळ त्याच्यावर त्या दोन तासांत येऊ नये. ठिकाण, माणसांची संख्या, बिल, फोटो, नंतरचा वृत्तांत, सगळं या कसोटीवर लावलं की बाकीचे निर्णय फारसे अवघड राहत नाहीत.

मराठीत अशा भेटींची परंपरा जुनीच म्हणायला हवी. १९९६ साली सुरू झालेल्या मायबोली या संकेतस्थळाच्या मंडळींनी ‘गटग’, म्हणजे गेट-टुगेदर, करायला सुरुवात केली. त्यांचा पावसाळ्यातला ‘ववि’, म्हणजे वर्षाविहार, तर बस ठरवून आणि टी-शर्ट छापून होऊ लागला. मिसळपाव या दुसऱ्या संकेतस्थळावरच्यांचे कट्टे भरले आणि कट्ट्याहून लांब त्यांचे वृत्तांत आले. स्वतंत्र ब्लॉग लिहिणाऱ्यांचे मेळावे २०१० साली पुण्यात आणि मुंबईत झाले. पण मेळावा हे प्रकरण निराळं. त्याला हॉल लागतो. हॉल घेतला की माइक येतो, माइक आला की प्रास्ताविक येतं, मग प्रमुख पाहुणे, मग शाल-श्रीफळ. त्यात वाईट काही नाही, पण इथे मी बोलतोय ते चहाच्या टेबलाभोवतीच्या साध्या भेटीबद्दल.

किती जण, कधी, कुठे

सहा ते आठ. दहाच्या वर गेलात की गप्पांचे दोन-तीन तुकडे पडतात, आणि जो मुळातच बुजरा आहे तो नेमका दोन तुकड्यांच्या मधल्या खुर्चीत सापडतो. ‘येतो’ म्हणणाऱ्यांपैकी काही जण येत नाहीत हे गृहीत धरून दहा जणांना बोलवावं. उलट तिघंच आले तर भेट रद्द करू नये. तिघांची भेट पुष्कळदा आठांच्या भेटीपेक्षा चांगली होते, हे मी पैज लावून सांगेन.

तारखेसाठी मतदान घेऊ नका. ‘कोणाला कुठला रविवार जमेल?’ असं विचारलं की तीन आठवडे नुसती चर्चा चालते आणि शेवटी उत्साह ओसरतो. एकाने तारीख, वेळ, जागा ठरवून जाहीर करावी. ज्यांना जमेल ते येतील, बाकीचे पुढच्या वेळी. गणपतीचे दिवस, दिवाळीच्या खरेदीचे रविवार आणि ऐन लग्नसराई टाळावी. पितृपक्षात मात्र लोक मोकळे असतात. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. हॉटेलातही जागा मिळते.

मुंबईत जागा दादरला धरावी. पश्चिम आणि मध्य रेल्वे दोन्ही तिथे भेटतात, त्यामुळे विरार आणि कल्याण दोघांचाही सारखाच छळ होतो. पनवेल-वाशीकडच्यांना कुर्ल्याला गाडी बदलावी लागते, तेवढी त्यांची क्षमा मागून घ्यावी. रविवारची भेट असेल तर शनिवारी मेगाब्लॉकची बातमी बघितल्याशिवाय झोपू नका. अकराच्या भेटीला डोंबिवलीहून निघालेला माणूस पाऊणला पोचला तर त्याचा दोष नसतो, आणि तो येईपर्यंत बाकीच्यांची ओळखपरेड संपलेली असते. शिवाजी पार्कचा कट्टा ही तर अशा भेटींसाठीच बांधल्यासारखी जागा आहे. पैसे नाहीत, वेळेचं बंधन नाही, कोणी उठवत नाही. फक्त कठड्यावर रांगेत बसल्यावर दोन टोकांचे लोक एकमेकांशी बोलू शकत नाहीत. चार जण असाल तर कट्टा, आठ असाल तर कुठेतरी टेबलाभोवती बसा. ठाण्याला तलावपाळी आहे, तिथेही हीच अडचण.

पुण्यात लोक सवयीने डेक्कन किंवा फर्ग्युसन रस्ता सुचवतात. पोचायला तो भाग सोपा आहे, आता तर मेट्रोची डेक्कन जिमखाना आणि संभाजी उद्यान ही स्टेशनंही तिथेच आहेत. पण रविवारी सकाळी वैशालीसारख्या ठिकाणी आठ जणांना एकत्र बसायला मिळणं कठीण, आणि मिळालं तरी तुमच्या खुर्चीमागे पुढचं कुटुंब उभं असतं. इडली संपली की नजरा सुरू होतात. खाऊन उठायचं असेल तर वैशाली उत्तम. दोन तास बोलायचं असेल तर नको. बागेत भेटायचं ठरवलंत तर एक लक्षात ठेवा, महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान देखणं आहे, पण तिकडेही वेळ बघूनच जावं. टेकडीवरची भेट ऐकायला छान वाटते. मात्र साठीच्या पुढच्या वाचक-लेखकांना त्यातून आपण परस्पर वगळतो, हे बोलावणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

जागा पक्की करण्याआधी त्याच वारी, त्याच वेळी एकदा तिथे जाऊन बसून या. गाणी किती मोठ्याने लागतात, स्वच्छतागृह आहे का, गोल टेबल मिळतं का, हे फोनवर कळत नाही. लांबट टेबल शक्यतो टाळा. आणि ‘बसण्याचा’ बेत असेल तर तसं निमंत्रणात स्पष्ट लिहा. चहाच्या आशेने आलेल्याला बिअरच्या बाटल्यांसमोर लिंबू सरबत पीत बसायला लावणं बरं नव्हे.

वेळ सकाळची किंवा लवकर दुपारची असावी, आणि संपण्याची वेळही सांगावी. ‘अकरा ते एक’ असं लिहिलं की ज्याला निघायचं आहे तो एक वाजता संकोच न करता निघू शकतो. ज्यांना थांबायचं ते थांबतातच, त्यांना कोण अडवतंय?

नाव, नंबर आणि क्यूआर कोड

टोपणनावाने लिहिणाऱ्याचं खरं नाव आजकाल इतक्या वाटांनी फुटतं की बोलावणाऱ्याने थोडा आधी विचार केलेला बरा.

पहिली वाट व्हॉट्सॲपच्या गटाची. भेटीसाठी गट काढला की प्रत्येकाचा मोबाइल नंबर बाकीच्या सगळ्यांना दिसतो. त्यात एखाद्याने तो नंबर ट्रूकॉलरमध्ये घातला की नावही दिसतं, बहुधा आडनावासकट. म्हणून पहिलं निमंत्रण ई-मेलने जावं, तेही सगळे पत्ते बीसीसीमध्ये टाकून. नंबर हवा असेल तर फक्त बोलावणाऱ्याचा द्यावा, त्या दिवशी कोणी वाट चुकला तर त्याला फोन करायला. भेट झाल्यावर ज्यांना एकमेकांचे नंबर घ्यायचे ते घेतील.

दुसरी वाट अनेकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे यूपीआय. बिल एकाने भरलं आणि बाकीच्यांनी त्याचा क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. पाच वर्षं ‘भटक्या’ म्हणून लिहिणारा माणूस दीडशे रुपयांच्या मिसळीपायी टेबलावरच्या सगळ्यांना बँकेतल्या पूर्ण नावाने कळतो. पैसे पाठवणाऱ्याचं नावही घेणाऱ्याच्या फोनवर उमटतंच. ज्यांना नाव राखायचं आहे त्यांनी सुटे पैसे बरोबर ठेवावेत, आणि बिल भरण्याचं काम ज्याचं नाव सगळ्यांना आधीच माहीत आहे अशाने घ्यावं. हिशेब टीटीएमएम, तुझं तू माझं मी. ‘आज माझ्याकडून’ असा आग्रह पहिल्या भेटीत कोणी करू नये. त्याने पुढच्या भेटीचं ओझं दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जातं, आणि विद्यार्थी असलेला लेखक पुढच्या वेळी गुपचूप येत नाही.

तिसरी वाट कोणाच्या घरी भेटण्याची. मोठ्या सोसायटीच्या फाटकावर नाव, नंबर, गाडीचा क्रमांक लिहून घेतात, काही ठिकाणी फोटोही काढतात. पहिली भेट बाहेरच ठेवावी यामागे हेही एक कारण आहे.

आणि चौथी वाट आपलं तोंड. कोणी ‘मला इथेही त्याच नावाने हाक मारा’ म्हटलं तर तशीच हाक मारायची, भर हॉटेलात ते नाव कितीही विनोदी वाटलं तरी. ‘अहो बोकोबा, चटणी इकडे द्या’ असं ऐकून शेजारच्या टेबलावरचे वळून बघतात, बघू देत. त्याचं खरं नाव तुम्हाला दुसरीकडून कळलेलं असेल तर ते माहीत असल्याचं दाखवूही नका.

इथेच आडनावाचं सांगून टाकतो. ‘तुमचं आडनाव काय?’, ‘मूळचे कुठले?’, ‘म्हणजे तुम्ही ते कोकणातले का?’ हे प्रश्न आपण गप्पांची सुरुवात म्हणून विचारतो, आणि त्यातून काय शोधत असतो हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. कित्येकांनी टोपणनाव घेतलं तेच मुळी या चौकशीतून सुटण्यासाठी. आपलं लिखाण आडनाव न बघता वाचलं जावं ही अपेक्षा अजिबात जास्तीची नाही. ज्याने आडनाव लिहिलेलं नाही त्याला ते विचारायचं नाही, संपलं.

पहिला अर्धा तास

बोलावणाऱ्याने पंधरा मिनिटं आधी पोचून सगळ्यांना दिसेल असं काहीतरी टेबलावर ठेवावं. ‘मी निळ्या शर्टात आहे’ ही खूण रविवारी दादरला काही कामाची नाही. मागच्या वर्षीचा एखादा दिवाळी अंक उभा करून ठेवा, मराठी वाचणारा माणूस तो लांबून ओळखतो आणि न वाचणारा चुकूनही जवळ येत नाही.

ओळख एकाच फेरीत उरकावी. हाक कुठल्या नावाने मारायची, ब्लॉग कशाबद्दल आहे, सध्या काय लिहितोय. एवढं पुरे. शिक्षण, नोकरी, पगार, मुलं किती, हे ज्याला सांगावंसं वाटेल तो पुढे आपणहून सांगेल. फेरीची सुरुवात बोलावणाऱ्याने स्वतःपासून करावी आणि ती अर्ध्या मिनिटात संपवावी, कारण पहिला माणूस जितका वेळ घेतो तितकाच पुढचे सगळे घेतात.

मग प्रश्न येतो अहो-जाहोचा. लिहिताना अरे-तुरेवर आलेले दोघं जण समोर बसतात, आणि कळतं की एक बावीस वर्षांची आहे आणि दुसरे निवृत्त मुख्याध्यापक. ‘तू काल काय भारी लिहिलंस!’ असं आदल्या रात्री लिहिणारी मुलगी सकाळी ‘सर, तुम्ही…’ म्हणून अडखळते. यात लाजण्यासारखं काही नाही. समोर आल्यावर अहोने सुरुवात करावी, मोठ्यांनी ते मोडून काढावं. ‘ब्लॉगवर अरे म्हणतेस, इथेही म्हण’ हे वाक्य मोठ्याच्या तोंडूनच शोभतं. काका, मावशी, ताई, दादा ही नाती मात्र लगेच लावू नयेत. पन्नाशीतल्या लेखिकेला काकू म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असलं तरी.

आणखी एक अपेक्षा घरी ठेवून यावी. विनोदी लिहिणारा बोलायलाही विनोदी असेलच असं नाही; बरेचदा टेबलावर सर्वांत गप्प तोच असतो. पाककृती लिहिणारीला ‘आमच्यासाठी डबा नाही आणलात?’ हा प्रश्न प्रत्येक भेटीत कोणीतरी विचारतंच, आणि विचारणाऱ्याला आपण पहिलेच आहोत असं वाटत असतं. कविता लिहिणाऱ्याला ‘होऊन जाऊ दे एखादी’ म्हणू नये. तो म्हणेल, आणि मग दुसरा कवीही म्हणेल.

काय बोलावं

समोरच्याच्या लिखाणाबद्दल बोलायचं तर नेमकं बोलावं. ‘तुम्ही फार सुंदर लिहिता’ या वाक्यापुढे समोरचा फक्त ‘धन्यवाद’ म्हणू शकतो आणि संवाद तिथेच संपतो. ‘तो एसटीच्या शेवटच्या बाकावरचा प्रसंग, ती बाई पुढे कुठे उतरली?’ असं विचारलंत की तो पुढची दहा मिनिटं बोलतो, आणि लेखात न आलेलं काहीतरी तुमच्या हाती लागतं. भेटीला जाण्याआधी येणाऱ्या प्रत्येकाचे एक-दोन लेख वाचून जावं. कोणी तुमचं काही वाचलेलं नसेल तर मात्र रागावू नका, आणि मोबाइल काढून ‘हा बघा, याला किती जणांनी वाचलं’ असं तर मुळीच दाखवू नका.

वैयक्तिक लेखांचं काय करायचं? आजारपण, घटस्फोट, आईचं जाणं, मुलाची काळजी यांवर लोक ब्लॉगवर मोकळेपणाने लिहितात. ते लिहिताना रात्रीची वेळ असते, माणूस एकटा असतो, शब्द निवडायला सवड असते. तोच विषय आठ जणांसमोर, डोशाच्या ताटांवरून, ‘मग आता तब्येत कशी आहे हो?’ असा आला की त्याला उत्तर तयार नसतं. लिहिलं आहे म्हणजे त्यावर बोलायची तयारी आहे, असा अर्थ काढू नये. त्याने विषय काढला तर ऐकावं. फारच राहवलं नाही तर निघताना, बाजूला, एका वाक्यात सांगावं: ‘तुमचा तो लेख मला उपयोगी पडला.’ बस. याच्या उत्तरात त्याला काही सांगावंसं वाटलं तर तो तिथे उभा राहील, नाही तर हसून निघून जाईल.

न मागितलेला सल्ला हा यातलाच दुसरा रोग. लेख लांब होतात, शुद्धलेखन बघा, फोटो टाकत जा, इंग्रजी शब्द कमी करा. हे सगळं बरोबर असेलही. पण दोन तास प्रवास करून आलेला माणूस हे ऐकायला आलेला नसतो.

ज्याच्याशी टिप्पण्यांमध्ये भांडण झालं आहे तोही येणार असेल तर? जावं. लेखी भांडणात जो जोर असतो तो समोरासमोर टिकत नाही, निदान बहुतेक वेळा टिकत नाही. आपणहून पुढे होऊन नमस्कार करावा आणि जुना विषय उकरू नये, ‘त्या दिवशी माझं म्हणणं असं होतं की’ हे वाक्य तर गिळूनच टाकावं. पण हे मतभेदाबद्दल झालं. कोणी तुम्हाला सतत घाणेरडे संदेश पाठवले असतील, तुमचा पत्ता शोधायचा प्रयत्न केला असेल, तर त्याच्याशी सलोखा करायची जबाबदारी तुमच्यावर नाही. बोलावणाऱ्याला तसं आधी कळवा. आणि बोलावणाऱ्याने दोघांनाही बोलावून ‘समोर आले की मिटेल’ असा शहाणपणा करू नये.

बायका आणि मुली येणार असतील तेव्हा

म्हणजे जवळपास नेहमीच. एखादी लेखिका ‘कोण कोण येणार आहे?’ असं विचारते तेव्हा तिला खरी यादी हवी असते, ‘अगं, सगळे आपलेच आहेत’ हे उत्तर नको असतं. आणखी एक तरी बाई नक्की येणार आहे का हेही तिला न विचारता सांगावं. मैत्रिणीला किंवा बहिणीला बरोबर आणू का म्हणाली तर हो म्हणावं. ती लवकर निघाली तर कारण विचारू नये. ‘एकटी कशी जाशील, मी सोडतो’ हा आग्रह कितीही चांगल्या मनाने केलेला असो, पहिल्या भेटीत तो नकोसाच वाटतो, कारण त्यात घराचा पत्ता कळतो. स्टेशनपर्यंत सगळे मिळून चालत जाणं पुरेसं आहे.

येणाऱ्या बाईने घरी किंवा मैत्रिणीला जागा आणि परतायची वेळ सांगून निघावं, येण्याजाण्याची सोय स्वतःच्या हातात ठेवावी. हे पुरुषांनीही करायला हरकत नाही.

बरोबर येणाऱ्या जोडीदारांबद्दल मला सहानुभूती आहे. बायकोच्या ब्लॉगवाल्यांच्या भेटीला आलेला नवरा दोन तास मेनूकार्ड वाचत बसतो, आणि तिने त्याच्याबद्दल लिहिलेल्या गमती टेबलावरच्या सगळ्यांना पाठ आहेत हे हळूहळू त्याच्या लक्षात येतं. त्याला आधी कल्पना द्या, किंवा जवळपास दुसरं काम काढून द्या. लहान मुलं येणार असतील तर बागच बरी.

कंपू होतो तेव्हा

पुण्यात १९२३ साली काही कवी एकत्र आले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही त्यांतली ठळक नावं. रविवारी भेटायचं, चहा प्यायचा, एकमेकांना कविता वाचून दाखवायच्या. त्या रविकिरण मंडळाने मराठी कवितेला पुष्कळ काही दिलं, आणि त्याच मंडळाची आचार्य अत्र्यांनी १९२५ च्या ‘झेंडूची फुले’मध्ये मनसोक्त थट्टाही केली. मी दोन्ही बाजूंचा आहे. नियमित भेटणाऱ्या लहान गटात माणसं एकमेकांमुळे लिहिती राहतात. आणि बाहेरून बघणाऱ्याला तो कंपूच दिसतो. एकमेकांच्याच लेखांवर कौतुकाच्या टिप्पण्या, आतले विनोद, ‘त्या दिवशी भेटलो तेव्हा’ने सुरू होणारी वाक्यं.

त्यावर साधा उपाय म्हणजे दर भेटीला एखादा तरी नवा माणूस बोलवायचा, आणि तो आलेला असताना जुन्या भेटींच्या आठवणी काढायच्या नाहीत. बोलावणाराही दर वेळी तोच नको.

परदेशात अशा भेटींना थोडं वेगळं वळण लागतं. न्यू जर्सी, बे एरिया, सिएटल इथली गटग पुष्कळदा कोणाच्या तरी घरी, प्रत्येकाने एक पदार्थ आणून होतात, कारण बाहेर दोन तास मराठीत निवांत बसता येईल अशी जागा सहज सापडत नाही आणि अंतरंही मोठी असतात. घर म्हटलं की पत्ता आला. तिथे यजमानाने अनोळखी माणसांना थेट घरी बोलावण्याआधी एकदा तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा ग्रंथालयात भेटून घ्यावं. शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला आहे का हे मात्र तिकडे आठवणीने विचारतात. आपल्याकडेही ते विचारायला शिकायला हवं, आपल्या अर्ध्या पदार्थांत दाण्याचं कूट असतं.

वृत्तांत आणि त्यानंतर

भेटीचे फोटो काढण्याआधी विचारा, आणि ‘फोटोत कोणाला यायचं नाही?’ असं विचारा. ‘सगळे या रे फोटोला’ म्हटलं की नको असलेला माणूसही लाजेकाजेने उभा राहतो. कोणाला नको असेल तर फोटो काढायचं काम त्यालाच द्यावं, म्हणजे कोणाला काही सांगावं लागत नाही. फोटो लगेच तिथूनच जाहीर करू नका. ज्याने घरी ‘ऑफिसचं काम आहे’ सांगितलंय तोही त्यात असू शकतो.

वृत्तांत लिहायचा तर दोन-तीन दिवसांत लिहावा, शिळा झाला की त्यात फक्त पदार्थांची यादी उरते. माणसांचा उल्लेख ती ज्या नावाने लिहितात त्याच नावाने करावा. कोण कसं दिसतं, कोणाचं पोट सुटलंय, कोण फोटोपेक्षा वयस्कर निघालं, हे लिहू नये, कौतुकानेसुद्धा. टेबलावर सहज बोलल्या गेलेल्या घरच्या आणि नोकरीच्या गोष्टी वृत्तांतात येता कामा नयेत. शंका असेल तर तो परिच्छेद त्या माणसाला आधी पाठवा. न आलेल्यांना ‘तुम्ही काय गमावलंत!’ असं खिजवू नका, त्यांच्यापैकी काही जण येण्याचं धाडस होईना म्हणून आलेले नसतात.

एक बदल मात्र टाळता येत नाही. भेटल्यानंतर त्या माणसाच्या लेखावर परखड लिहिणं जड जातं. पूर्वी बिनदिक्कत ‘हा लेख फसलाय’ असं लिहिणारा आता ‘नेहमीसारखी मजा नाही आली’ असं लिहितो, आणि नंतर तेही नाही. वाचक म्हणून हे मला नुकसान वाटतं. ज्यांची मतं तुम्हाला मोलाची वाटतात त्यांना भेटीतच सांगून ठेवा की पुढेही खरं ते लिहा. दोन-चार जण तरी ऐकतात.

आणि वाचकांना विसरू नका. वर्षानुवर्षं नेमाने वाचणारे, कधीच टिप्पणी न करणारे पुष्कळ लोक असतात. स्वतःचा ब्लॉग नाही म्हणून अशा भेटींना आपण बोलावलेलेच नाही असं ते धरून चालतात. खरं तर टेबलावरच्या प्रत्येकाला ज्याला भेटायची सर्वांत जास्त उत्सुकता असते तो हाच. पुढच्या वेळी निमंत्रण लिहाल तेव्हा त्यात ‘ब्लॉग नसला तरी जरूर या’ एवढं एक वाक्य घाला.